‘स्पाइस अँड वुल्फ’ बघायला घेताय? पहिल्या सौद्यापर्यंत नीट पोहोचण्यासाठी

ही जपानी ॲनिमे, म्हणजे ॲनिमेशन मालिका मी पहिल्यांदा बघायला घेतली आणि तिसऱ्या भागावर सोडून दिली. मैत्रिणीने ‘फँटसी आहे, लांडगीदेवी आहे’ एवढंच सांगितलं होतं. मी आपली जादूची आणि लढायांची वाट बघत बसले, आणि पडद्यावर दोघं जण घोडागाडीवर बसून चांदीच्या नाण्यांबद्दल बोलत होती. कोण कुणाला काय विकतंय, कुणाचा फायदा कशात आहे, काही उमजेना.

दोन वर्षांनी परत बसले. या वेळी वही घेऊन. आणि तेच तीन भाग बघताना मी अक्षरशः पुढे सरकून बसले होते. आमचं लातूरला अडत दुकान होतं. लहानपणी शाळेतून आल्यावर मी गादीवर बसून बाबांचे सौदे ऐकायचे. समोरचा बोलता बोलता मध्येच थांबला की बाबांची मान किंचित कलायची, आणि आता भाव फुटणार हे मला कळायचं. ते थांबणं, ते मान कलणं या मालिकेत आहे. पहिल्या वेळी मी ते बघितलंच नव्हतं, कारण मी दुसरंच काहीतरी शोधत होते.

सध्या मी नव्या आवृत्तीच्या दुसऱ्या कथेत आहे, म्हणजे हे सगळं सुरुवातीच्या टप्प्यावरचं लिहिणं आहे. पण माझ्या ओळखीतले तिघं जण याच सुरुवातीच्या टप्प्यात गळाले. तुम्ही गळू नये म्हणून हे लिहितेय. कथेतले मोठे उलगडे फोडलेले नाहीत. वाटेतल्या एकदोन छोट्या गमती मात्र आल्या आहेत.

१. आधी आवृत्ती ठरवा

पहिला गोंधळ इथेच होतो. मूळ कथा आहे इसुना हासेकुरा या जपानी लेखकाच्या कादंबऱ्यांची. पहिली कादंबरी फेब्रुवारी २००६ मध्ये आली आणि मुख्य कथा २०११ मध्ये सतराव्या खंडात पूर्ण झाली. त्यावरून ॲनिमे दोनदा झालं:

- जुनं: २००८ मध्ये १३ भागांचा पहिला सीझन, २००९ मध्ये १२ भागांचा दुसरा.
- नवं: २०२४ मध्ये २५ भाग, गोष्ट पुन्हा पहिल्यापासून.

२०२४ चं म्हणजे जुन्याचा तिसरा सीझन नव्हे. मी जिथे बघत होते तिथल्या यादीत तिन्ही एकाखाली एक लावलेले होते. जुनं संपवून मी पुढचं लावलं, तर लॉरेन्स, म्हणजे कथेतला व्यापारी, पुन्हा त्याच गावात, त्याच गव्हाच्या शेताजवळ. अर्धा तास मला वाटत होतं की ही आठवण दाखवतायत.

आणखी एक गोंधळ भागांच्या आकड्यांचा. २००८ च्या सीझनचा सातवा भाग टीव्हीवर दाखवलाच नव्हता, तो डीव्हीडीवर आला. म्हणून कुठे १२ भाग दिसतात, कुठे १३. तो चुकला तरी मुख्य कथेचा धागा तुटत नाही. दुसऱ्या सीझनलाही एक ‘शून्यावा’ भाग जोडलेला आहे, तोही असाच वेगळा आलेला.

माझं मत विचाराल तर नवख्याने २०२४ पासून सुरुवात करावी. ती मूळ कादंबरीला जास्त धरून आहे. जुन्या ॲनिमेत पहिल्या भागापासून क्लोई नावाची एक मुलगी आहे, ती कादंबरीत नाहीच. तिच्या जागी मुळात यारेई नावाचा गावकरी आहे आणि नव्या आवृत्तीत तोच आहे. शिवाय जुन्याच्या दुसऱ्या सीझनमध्ये चौथ्या खंडाची कथा गाळून पुढे उडी मारली होती. नव्यात खंड क्रमाने घेतलेत. ताकेओ ताकाहाशी जुन्याचे दिग्दर्शक, नव्याचेही मुख्य दिग्दर्शक तेच. जुन् फुकुयामा आणि आमी कोशिमिझु हे दोन मुख्य आवाजही तेच, मध्ये इतकी वर्षं जाऊनही.

जुनं टाकाऊ आहे असं अजिबात नाही. त्यातली संध्याकाळ, युजी योशिनो यांचं संगीत, थोडा धुरकट रंग हे मला आजही जास्त जवळचं वाटतं. पण गोष्ट समजायला नवं सोपं. पहिली कथा झाली की जुन्याचा पहिला भाग आवर्जून लावा.

अधिकृतपणे कुठे दिसते हे तुम्ही राहता त्या देशावर अवलंबून आहे आणि हक्क बदलत राहतात, तेव्हा पैसे भरण्याआधी यादीत वर्ष बघून घ्या.

२. सोबत काय लागेल

- एक वही. मोबाइलमधली नोंद चालेल, पण पानावर बाण काढता येतात.
- हेडफोन. याचं कारण पाचव्या पायरीत येईल.
- मूळ जपानी ऑडिओ आणि तुम्हाला झरझर वाचता येईल अशा भाषेतली सबटायटल्स.
- आठवड्यातले दोन निवांत तास. भाग साधारण २४ मिनिटांचा असतो. एका बैठकीत दोन पुरे.

दीडपट वेगाने बघू नका, एवढं मी कळकळीने सांगते. मी पहिल्या खेपेला तेच केलं होतं. घासाघीस करताना माणूस गप्प बसतो तेव्हाच त्याचा आकडा ठरत असतो, आणि वेग वाढवला की पहिल्यांदा ती शांतताच कापली जाते.

अजून एक: पहिल्याच भागात होलो, म्हणजे ती लांडगीदेवी, गाडीत प्रकट होते तेव्हा तिच्या अंगावर कपडे नसतात. दृश्य ओंगळ नाही, लांब केसांनी बरंच झाकलेलं आहे. पण घरातल्या मोठ्यांसोबत किंवा लहान मुलांना घेऊन बसणार असाल तर आधी माहीत असलेलं बरं.

३. पहिला भाग: गव्हाचं शेत नीट बघा

क्राफ्ट लॉरेन्स हा पंचवीस वर्षांचा फिरता व्यापारी. अठराव्या वर्षी स्वतःच्या पायावर उभा राहिला, तेव्हापासून गाडी, घोडा आणि गावोगावचे बाजार. एखाद्या शहरात स्वतःचं दुकान टाकायचं, हे त्याचं स्वप्न. पास्लोए या गावात सुगी चाललेली असते आणि गावकरी होलो नावाच्या लांडगीचा उत्सव करत असतात. वाऱ्याने ओंब्या लवल्या की ‘लांडगा धावतोय’ म्हणायचं, पीक बुडालं की ‘लांडग्याने खाल्लं’ म्हणायचं, अशी तिथली बोली.

हे लेखकाने हवेतून आणलेलं नाही. युरोपात, विशेषतः जर्मन भागात, धान्याच्या शेतात लांडगा राहतो आणि शेवटच्या पेंढीत तो सापडतो, अशी समजूत खरोखर होती. विल्हेल्म मानहार्ट या जर्मन अभ्यासकाने १८६५ मध्ये राय धान्याच्या शेतातल्या या लांडग्यावर स्वतंत्र पुस्तक लिहिलं.

या भागात घाई करू नका, कारण होलोचं दुखणं इथे एका वाक्यात येऊन जातं. तिने कित्येक वर्षं या गावाचं पीक सांभाळलं. जमिनीला विसावा मिळावा म्हणून मधूनच एखादं वर्ष पीक कमी येऊ द्यायची. आपल्याकडे शेत पड ठेवतात तसंच हे. पण गावकऱ्यांना वाटलं देवी लहरी आहे. नंतर शेतीची नवी पद्धत आली आणि तिची गरजच उरली नाही. उत्सव चालू आहे, पण देवीवर कुणाचा भरवसा नाही. तेवढ्यासाठी ती लॉरेन्सच्या गाडीत येऊन बसते आणि उत्तरेकडच्या योइत्सु या आपल्या मुलखात पोहोचव म्हणते.

हे लक्षात राहिलं तर पुढे ती एवढं का बोलते, एवढं का खाते, एकटं राहायला का घाबरते, हे वेगळं सांगावं लागत नाही.

नावाबद्दल: कुठे ‘होलो’, कुठे ‘होरो’ दिसेल. जपानीत ल आणि र असा फरक नाही. एकच आहे ती.

४. तिची बोली कानावर पडू द्या

डब करून बघायचं असेल तर दुसऱ्यांदा बघा. होलो स्वतःला ‘वाच्ची’ म्हणते आणि लॉरेन्सला ‘नुशी’. आजच्या जपानीत कुणी असं बोलत नाही. एदो काळातल्या (सतरावं ते एकोणिसावं शतक) गणिकांच्या वस्तीतल्या बोलीची ती छटा आहे. पंधरा वर्षांच्या मुलीच्या चेहऱ्यातून शेकडो वर्षं जुनी बाई बोलते आहे, हे त्या दोन शब्दांवरून प्रत्येक वाक्यात जाणवत राहतं. एखाद्या तरुणीने अचानक ‘अरे लेकरा, तुझं वय ते काय’ म्हणावं, तसा काहीसा परिणाम. सबटायटल्समध्ये यातलं फारच थोडं उतरतं. जपानी येत नसलं तरी दोन भागांत कान सरावतो.

५. नाण्यांचा सौदा: इथेच माणसं गळतात

पहिली कथा साधारण सहा भागांची आहे आणि तिचा कणा म्हणजे ट्रेन्नी नावाचं चांदीचं नाणं. थोडं सावकाश घेऊ.

आज आपल्या हातातल्या नोटेच्या कागदाला किंमत नसते, तिच्यावरच्या आकड्याला असते. या मालिकेच्या जगात नाण्याला दोन किंमती आहेत: आत चांदी किती, आणि लोकांचा त्या राजावर भरवसा किती. शेजारी शेजारी अनेक राज्यं, प्रत्येकाचं नाणं वेगळं. म्हणून प्रत्येक बंदरात सराफ बसलेला.

मराठी माणसाला हे परकं वाटायचं कारण नाही. पेशवाईत एकाच बाजारात वेगवेगळ्या टांकसाळींचे रुपये फिरत, अंकुशी वेगळा, चांदवडी वेगळा, आणि एक देऊन दुसरा घेताना सराफ बट्टा कापून घेई. पोतदार हे आडनावच नाणी पारखण्याच्या कामावरून आलेलं आहे. ‘बंदा रुपया’, ‘खणखणीत नाणं’ हे शब्द आपण माणसांबद्दल वापरतो, पण मुळात ते नाण्यांच्या व्यवहारातले आहेत.

आता सौदा. समजा बातमी आली की राजा नवी नाणी पाडणार आणि त्यांत चांदी जास्त असणार. जुनं नाणं देऊन नवं एकास एक मिळणार असेल, तर आजच जुनी गोळा करून ठेवली की झालं: शंभर हलकी द्यायची, शंभर जड घ्यायची. झेरेन नावाचा तरुण व्यापारी लॉरेन्सला हीच बातमी विकायला येतो.

इथे भाग थांबवा आणि वहीत तीन प्रश्न लिहा:

बातमी खरी असेल तर झेरेन गप्प राहून स्वतःच का कमवत नाही?
बातमी खोटी निघाली तर बुडणार कोण, आणि किती?
चांदी वाढण्याऐवजी कमी होणार असेल, तर त्यातून पैसा करता येईल असा कुणी आहे का?

तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. त्याचं उत्तर मी देणार नाही, ते शोधण्यातच चार भागांची मजा आहे. एवढंच सांगते की राजे नाण्यात भेसळ कशासाठी करतात हे आठवा. इंग्लंडमध्ये आठव्या हेन्रीच्या काळात १५४४ पासून नाण्यांतली चांदी कमी करत नेली. शेकडा ९२.५ भाग असलेली चांदी १५५१ पर्यंत, म्हणजे त्याच्या मुलाच्या काळात, २५ भागांवर आली. चांदीचा वरचा मुलामा राजाच्या चेहऱ्यावर नाकाशी आधी झिजायचा आणि खालचं तांबं दिसायचं, म्हणून लोक हेन्रीला ‘तांब्याच्या नाकाचा’ म्हणू लागले. खजिना रिकामा होता, म्हणून हे झालं. रिकाम्या खजिन्याच्या राजाला कशाची गरज असते आणि त्या बदल्यात तो काय देऊ शकतो, या वाटेने विचार करा.

हेडफोन यासाठी: सराफाच्या दुकानात होलो वेगवेगळ्या काळातली ट्रेन्नी नाणी वाजवते आणि कान देऊन ऐकते. लांडग्याचे कान आहेत तिला, टोपीखाली लपवलेले. मोबाइलच्या स्पीकरवर मला ते दृश्य नुसतंच ‘नाणी बघतायत’ असं वाटलं होतं. दुसऱ्या वेळी कानात हेडफोन होते. नाण्यांची किणकिण, मधली शांतता, लॉरेन्सचा अडकलेला श्वास. मला आमच्या गादीवरचा पितळी घंटीसारखा वाजणारा जुना चांदीचा रुपया आठवला. आजोबा तो फरशीवर टाकून दाखवायचे आणि आवाज विरेपर्यंत कुणाला बोलू द्यायचे नाहीत.

६. सफरचंदं विसरू नका

नाण्यांच्या नादात हा प्रसंग निसटतो. पाझियो बंदरात होलो लॉरेन्सच्या पैशाने ढीगभर सफरचंदं घेते. बघणाऱ्याला वाटतं, खादाड आहे, गंमत चाललीय. मग लॉरेन्स मिलोने नावाच्या पेढीत मार्टेन या छोट्या प्राण्याची केसाळ कातडी विकायला जातो. भाव ठरत येतो. आणि होलो मध्ये बोलते: या कातड्यांचा वास घेऊन बघा.

वास येतो फळांचा. म्हणजे हा प्राणी फळं खाऊन पोसलेला, म्हणजे कातडी नामी. भाव चढतो.

फळांचा वास कुठून आला, हे तुम्हाला आता कळलंच असेल. पण त्या दृश्यात लॉरेन्सकडे बघा. तो व्यापारात सात वर्षं मुरलेला आहे आणि त्यालाही हे आधी माहीत नाही. चेहरा न हलवता त्याला तिच्या बोलण्यामागे उभं राहावं लागतं. बैलबाजारात रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरतो तेव्हा बघणाऱ्याला फक्त दोन निर्विकार चेहरे दिसतात, तसं हे आहे. बाहेर आल्यावर दोघांचं जे बोलणं होतं, त्यात ही चलाखी की लबाडी, हा प्रश्न उघडपणे येतो. लॉरेन्स त्याला काय उत्तर देतो ते ऐका. माझ्या मते तिथून तो तिला पाहुणी समजायचं सोडतो आणि भागीदार मानायला लागतो.

७. वहीत काय लिहायचं

सगळं लिहायला गेलात तर बघणं बाजूला राहील. मी भागागणिक चारच ओळी लिहिते. पाझियोच्या पानावर हे आहे:

कोण: झेरेन
विकतोय काय: बातमी
खरा ग्राहक कोण: ? (नंतर भरलं)
लॉरेन्सचं अडकलंय काय: पैसे, नाव, होलो

शेवटची ओळ सगळ्यात उपयोगाची. व्यापाऱ्याचं फक्त भांडवल अडकत नाही, पतही अडकते, आणि इथे एक जीवही अडकलेला आहे. चर्चला होलोसारख्यांचा सुगावा लागला तर काय होईल ही टांगती तलवार आहेच. कथेत धावपळ येते ती याच ओळीतून. सहाव्या भागापर्यंत ती येते, आणि चांगली येते.

नावं लक्षात ठेवायची खटपट करू नका. लॉरेन्स, होलो, झेरेन, मिलोने पेढी एवढी चार पुरतात.

एक सावधगिरी. एखादी संकल्पना अडली म्हणून नेटवर शोधायला जाऊ नका. शोधाच्या पहिल्या दोन ओळींतच शेवट दिसतो, मला दिसला होता. त्याऐवजी तोच संवाद दहा सेकंद मागे नेऊन परत ऐका. लॉरेन्स बहुतेक वेळा होलोला समजावून सांगत असतो आणि होलो मुद्दाम उलट प्रश्न विचारते. तुमची शंका सहसा तीच असते.

८. थांबायचं की पुढे जायचं

सहा भाग पूर्ण बघून मगच ठरवा. एकदोन भागांवर ठरवू नका, कारण सौदा उघडलाय पण मिटलेला नाही अशा जागी तुम्ही उठाल.

पहिली कथा झाल्यावरही दोघांचं गाडीवरचं बोलणं, थट्टा, रुसवा यात तुम्हाला रस वाटत नसेल तर पुढे ओढत बसू नका. पुढेही तेच आहे, अधिक गुंतागुंतीच्या सौद्यांसह. पण सहाव्या भागाच्या अखेरीस तुम्हाला आपणही गाडीत मागे बसलोय असं वाटलं असेल, तर एक दिवस मध्ये जाऊ द्या आणि दुसरी कथा उघडा.

तिच्यासाठी वहीत नवं पान करा आणि वर ‘उधारी’ लिहा. हातात आहे त्याहून जास्त माल उचलला तर नफा वाढतो तसा तोटाही वाढतो, एवढं गणित डोक्यात ठेवलंत तर पुरे. सुरुवात मिरीच्या विक्रीने होते, पोरोसोन नावाच्या गावात. माल तोलला जात असताना सगळे तराजूच्या काट्याकडे बघत असतात. तुम्ही तराजू ज्यावर ठेवलाय त्या टेबलाकडे बघा.